पॅनेल मेलं हे कोणी ठरवलं?

अध्यक्ष महोदय, वाचनालयाची मंडळी, आणि मागच्या बाकांवर बसलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'सौर पॅनेलचं जीवनचक्र'. गारगोटीपासून भंगारापर्यंत सगळं येईल त्यात. पण मी सुरुवात ओढ्यापासून करतो, कारण तिथं जे पाहिलं ते गेलं वर्षभर डोक्यातून जात नाही.

आयटीआयमध्ये सत्तावीस वर्षं मी वायरमनच्या मुलांना शिकवलं. निवृत्त झालो तरी लोक स्टार्टर, मोटार घेऊन घरी येतातच. मागच्या उन्हाळ्यात असाच एका वस्तीवर निघालो होतो. ओढ्याच्या काठाला काहीतरी चमकलं. जवळ गेलो तर सहा सौर पॅनेल! अॅल्युमिनियमची चौकट काढून नेलेली, वायरी मुळापासून कापलेल्या, काच तांदळाच्या कणीसारखी फुटून मागच्या शीटला तशीच चिकटलेली. त्यावरून शेळ्या चालत होत्या.

विचारपूस केली. मालक शेजारच्याच मळ्यातला निघाला. म्हणाला, "काय करणार सर, खराब झाली म्हणाले."

"कोण म्हणालं?"

"पंपाचा माणूस."

"त्यानं मीटर लावला होता का?"

"मीटर नाही लावला. वीज पडली होती ना जवळच. वर बघितलं आणि म्हणाला, गेली सगळी. नवी घ्या."

दहा पॅनेल होते, तीन एचपीचा पंप. वीज पडल्यापासून पंप सकाळी उशिरा चालू व्हायचा आणि दुपारी लवकर दम टाकायचा. म्हणजे मंडळी, पंप चालत होता! मेलेल्या पॅनेलवर पंप कसा चालेल? पण हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. सहा पॅनेल भंगारात गेले. उरलेले चार गोठ्याला वाऱ्याच्या बाजूनं आडोसा म्हणून उभे होते.

मी पिशवीतून मीटर काढला. मागच्या लेबलवर ४५ व्होल्ट लिहिलेले. मीटर दाखवतोय ३०. दुसऱ्याला लावला, तिथंही ३० च्या जवळपास. आता मागचे बाक सांगतील, ४५ मधून ३० उरले म्हणजे किती गेले? एक तृतीयांश. शाबास. बरोबर तिसरा हिस्सा गेला की वायरमनच्या डोक्यात घंटा वाजली पाहिजे.

पॅनेलच्या पाठीवर काळी डबी असते ना, जंक्शन बॉक्स, तिच्यात तीन डायोड असतात. पॅनेलमधले सेल, म्हणजे वीज तयार करणाऱ्या चकत्या, तीन गटांत जोडलेले असतात आणि प्रत्येक गटाला एक डायोड. एखाद्या सेलवर सावली पडली, पक्ष्याची विष्ठा पडली, की तो सेल तापतो. तेव्हा डायोड त्या गटाला वळसा घालून करंट पुढं काढून देतो. जवळ वीज पडली की हाच डायोड शॉर्ट होऊ शकतो, आणि मग धडधाकट गटालाही कायमचा वळसा पडतो. त्या डबीचं झाकण स्क्रूचं होतं. हल्ली काही डब्या आतून जेल भरून बंद केलेल्या येतात, तिथं हात चालत नाही. ही उघडली. एक डायोड काळा पडलेला, शेजारचं प्लॅस्टिक फुगलेलं. तालुक्याच्या दुकानातून डायोड आणले, चार पॅनेलचे मिळून दोनशे रुपयेसुद्धा झाले नाहीत. पॅनेलवर गोधडी टाकली, कारण उजेडात पॅनेल कधी बंद नसतं. डायोड बदलले आणि गोधडी काढून मीटर लावला. त्रेचाळीस!

त्या शेतकऱ्याचा चेहरा मला आठवतो. त्याला आनंद झाला नाही. त्यानं ओढ्याकडं बघितलं.

म्हणून मी म्हणतो, पॅनेलचं आयुष्य पंचवीस वर्षं असं आपण धरून चालतो, पण ते ठरवतं कोण? गॅरंटीचा कागद सांगतो की पंचवीस वर्षांनी निदान ऐंशी टक्के वीज मिळेल. म्हणजे तेव्हा ते मरतं असं नव्हे, थकतं. प्रत्यक्षात वर्षाला अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतार. स्वित्झर्लंडमध्ये लुगानोला १९८२ साली बसवलेले पॅनेल पस्तीस वर्षांनी तपासले, तर त्यातले बहुतेक अजून वीज देत होते. आणि आपल्याकडं? बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुऊन क्षाराचा थर चढवायचा, साफ करताना वर उभं राहायचं. पाय पडला की आतल्या सेलला केसासारखी भेग जाते. ती डोळ्यांना दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी वीज कमी झाल्यावर कळते. माझ्या भाच्यानं तर पॅनेलवर पापड वाळत घातले होते! हसू नका, पापड छान वाळले. पण सावलीतले सेल तापतात, ते आत्ताच सांगितलं.

दहा मिनिटं राहिली अशी चिठ्ठी आली आहे. मग जन्माचं भरभर सांगतो.

गारगोटी आणि कोळसा विजेच्या भट्टीत दोन हजार अंशांच्या आसपास तापवला की सिलिकॉन मिळतं. ते शुद्ध करायचं, पुन्हा वितळवायचं, त्यातून स्फटिकाचा दंडगोल ओढायचा आणि हिऱ्याच्या तारेनं त्याच्या चकत्या कापायच्या. चकती पाव मिलिमीटरहूनही पातळ. वर चांदीच्या बारीक रेघा. शुद्ध सिलिकॉनपासून तयार पॅनेलपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर जगातला ऐंशी टक्क्यांहून जास्त वाटा चीनचा आहे. यात खर्ची पडलेली वीज आपल्या उन्हात पॅनेल साधारण वर्ष-दीड वर्षात परत करतं. पुढची सगळी वर्षं निव्वळ कमाई. बारा वर्षांचं पॅनेल ओढ्यात टाकतो तेव्हा ही कमाई टाकतो.

आता शेवट. पॅनेलच्या वजनात सत्तर टक्क्यांहून जास्त काच असते. मग अॅल्युमिनियम, प्लॅस्टिक, थोडं सिलिकॉन, थोडं तांबं. चांदी हजारात एक भागसुद्धा नाही, आणि सोल्डरच्या डागात शिसं. सगळं चिकट प्लॅस्टिकच्या थरात असं घट्ट बसवलेलं की ते सुटं करणं हेच खरं काम. भंगारवाला चौकट आणि तांबं काढतो, कारण त्याचेच पैसे येतात. त्याला मी दोष देत नाही. मागची शीट मात्र कोणी जाळू नका, बऱ्याच शीटमध्ये फ्लोरिन असतं, धूर विषारी. फ्रान्समध्ये रूसे इथं २०१८ मध्ये फक्त पॅनेल सुटे करणारा कारखाना सुरू झाला. आपल्या ई-कचरा नियमांतही १ एप्रिल २०२३ पासून पॅनेल आले आणि जबाबदारी उत्पादकावर टाकली. पण आमच्या ओढ्यापासून उत्पादकापर्यंत ते पॅनेल न्यायचं कोणी, कुठल्या टेम्पोनं? धुळे जिल्ह्यात साक्रीचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ चा, त्याला २०३८ साली पंचवीस वर्षं होतील. त्याच्यामागं साहेब असतील, कागद असतील. वस्तीवरच्या दहा पॅनेलमागं कोण आहे?

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक तालुक्याच्या आयटीआयमध्ये एक टेबल, एक मीटर आणि डायोडची एक डबी ठेवा. पॅनेल भंगारात जाण्याआधी त्या टेबलावर यायला हवं. मुलं तपासतील. सुधारलं तर अंगणवाडीच्या पंख्याला लावू, नाही तर चौकटीसकट एका जागी रचून ठेवू आणि गाडी भरेल एवढं साठलं की उत्पादकाला उचलायला लावू. टेबल माझ्या घरी आहे, ते देतो. मंगळवारी आणि शनिवारी सकाळी स्वतः येऊन बसतो. आज इथं ज्यांच्याकडं गोठ्याला टेकवलेलं पॅनेल असेल, त्यांनी कार्यक्रम झाल्यावर मला भेटा. मीटर पिशवीतच आहे.