बॅगेत सॅम्पल नाही

(पांढराशुभ्र रस्ता, एकच गाडी. वायपरचा आवाज.)

व्हरमाँट. अमेरिकेच्या ईशान्येकडचं, विरळ वस्तीचं डोंगराळ राज्य. गाडी चालवताहेत त्या बाई फार्मासिस्ट आहेत. पुढच्या गावातल्या डॉक्टरांनी त्यांना वीस मिनिटं दिली आहेत. तेवढ्यासाठी हा तासाभराचा प्रवास.

(बॅग उघडते.)

बॅग नीट पाहा. एमआरच्या, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीच्या बॅगेसारखीच आहे, पण तिच्यात सॅम्पल नाहीत, पेनं नाहीत, डायऱ्या नाहीत. आहे ते चार पानी रंगीत पत्रक: ठळक मथळा, एक चित्र, दोन-तीन आकडे. ते मुद्दामच जाहिरातीसारखं केलंय. विकायचं मात्र काहीच नाही. बाईंना पगार विद्यापीठ देतं.

(जुन्या मासिकांतली औषधांची पानं.)

डॉक्टरांकडे असा काहीही न विकणारा माणूस पाठवायची सुरुवात बोस्टनमधली. हार्वर्डचे डॉ. जेरी एव्हॉर्न यांनी तिथल्या ८५ फिजिशियनांना प्रश्न विचारले; ती पाहणी १९८२ मध्ये छापून आली. बहुतेकांचं म्हणणं होतं, आम्ही जाहिरातींवर जात नाही, शोधनिबंध वाचतो. मग औषधांबद्दल विचारलं. प्रोपॉक्सिफीन ही वेदनाशामक गोळी ॲस्पिरिनपेक्षा जोरदार, असं जवळजवळ निम्म्यांना वाटत होतं. शोधनिबंध तसं सांगत नव्हते. जाहिराती तसंच सुचवत होत्या.

हे डॉक्टर बेफिकीर नव्हते. त्यांच्या दारात येऊन, समोर बसून औषधाबद्दल बोलणारा माणूस कंपनीचाच असायचा, एवढंच. या बोलण्याला धंद्यात डिटेलिंग म्हणतात. आपल्याकडचे एमआरही हाच शब्द वापरतात. एव्हॉर्न आणि त्यांचे सहकारी स्टीफन सुमराय यांनी तीच पद्धत उचलली, आणि ती विक्रीशिवायही चालते का, हे तपासून पाहिलं.

(नकाशा. चार ठिकाणं उजळतात.)

आर्कान्सा, न्यू हॅम्पशर, व्हरमाँट, वॉशिंग्टन डीसी. ४३५ डॉक्टर, कोण कुठल्या गटात हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलेलं. काहींना फक्त टपालाने पत्रकं. काहींकडे पत्रकं आणि शिवाय प्रशिक्षित फार्मासिस्टची भेट. उरलेल्यांना काहीच नाही. विषय गरजेपेक्षा जास्त लिहिली जाणारी तीन औषधं: प्रोपॉक्सिफीन, म्हातारपणीच्या विसराळूपणावर दिल्या जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावण्याच्या गोळ्या, आणि सेफालेक्सिन हे अँटिबायोटिक.

१९८३ मध्ये निकाल 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. नुसत्या पत्रकांनी फरक पडला नाही. जिथे माणूस जाऊन बसला, तिथे ही औषधं लिहिण्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी घटलं.

(दवाखाना. टेबलाच्या एकाच बाजूला दोन खुर्च्या.)

आता बाईंकडे लक्ष द्या. पत्रक अजून बॅगेतच आहे. आधी त्या विचारतात: अशा पेशंटला तुम्ही काय देता? का देता? डॉक्टर सांगतात, घरचे लोक अडून बसतात, त्यांना रिकाम्या हाताने कसं पाठवायचं. बाई वाद घालत नाहीत. खरं कारण हातात आल्यावरच पत्रक बाहेर येतं.

(बोट आकड्यावरून सरकतं.)

नुसतं 'हे लिहू नका' म्हणून भागत नाही. त्याऐवजी काय लिहायचं, नातेवाइकांना कोणत्या शब्दांत समजवायचं, हेही लागतं. विरुद्ध बाजूचा पुरावा बाई स्वतःहून काढतात. तो लपवला तर पुढच्या वेळी हे दार उघडणार नाही. डॉक्टर पेन उचलतात, पत्रकाच्या कडेला काहीतरी लिहितात.

(बाकावर ओळीने ठेवलेल्या काळ्या बॅगा. मराठी पाटी.)

हा आपल्याकडचा, तालुक्याच्या गावातला बाक. आम्ही इथे तीन संध्याकाळी कॅमेरा लावला. एमआर रोज होते. सरकारच्या किंवा विद्यापीठाच्या पगारावरचं या बाकावर कुणीच दिसलं नाही. ते दिसायला हवं, म्हणून ही फिल्म.

प्रोपॉक्सिफीन हृदयाला घातक ठरून २०१० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेलं. भारतात त्याची विक्री २०१३ मध्ये थांबवली गेली.

(पुन्हा व्हरमाँट. दवाखान्याचं दार.)

वीस मिनिटांची पंचवीस झाली आहेत. डॉक्टर दारापर्यंत सोडायला आलेत. पुढच्या भेटीची तारीख तेच विचारताहेत.