खडूचा ॲक्सेल

(लघुमाहितीपट : निवेदन)

[दृश्य : पहाट. सिमेंटची उघडी रिंक. खराट्यानं झाडणाऱ्या मुली. मागं चाकांची घरघर.]

कोल्हापूर. मार्च 2025 चा चौथा आठवडा. सकाळचे सहा वाजलेत. तालमींमध्ये या वेळी हौद्यातली माती उकरून झालेली असते. इथं मात्र मातीचा कण चालत नाही. चाकाखाली एक खडा आला की पोरगी तोंडावर. म्हणून सरावाची पहिली वीस मिनिटं खराट्याची.

रिंक म्हणजे डोक्यावर छप्पर नसलेला सिमेंटचा चौकोन. एका कोपऱ्यात भेग आहे. मुली वळताना ती इतक्या सहज चुकवतात, की पहिल्या दिवशी आमच्या कॅमेऱ्याला भेग दिसलीच नाही. दुसऱ्या दिवशी दिसली. मग प्रत्येक शॉटमध्ये दिसायला लागली.

मुली आठ. धाकटी दहा वर्षांची, थोरली सोळाची. पायात चार चाकांचे बूट, पुढं रबरी ब्रेक. यांच्यापैकी सात जणींनी बर्फ पाहिलाय तो गोळ्याच्या गाडीवर. आठवी शाळेच्या सहलीत मनालीला जाऊन आलीय. त्या एका गोष्टीवर तिनं अजून भाव खाल्लेला आहे.

आणि या आठ जणी सध्या भांडतायत ते बोस्टनवरून. तिथं बुधवारपासून महिलांच्या फिगर स्केटिंगची, म्हणजे बर्फावरच्या उड्या-गिरक्यांची, जागतिक स्पर्धा आहे. पदकं कुणाला, हे आधी चिठ्ठीवर लिहून द्यायचं. पैज मिसळीची.

[दृश्य : लांबट, कापडी पुठ्ठ्याची वही. निळी शाई, लाल शाई. पानं उलटणारा हात.]

ही वही काकांची. सहकारी बँकेतून निवृत्त झालेले, रिंकवर शिकवणाऱ्या ताईंचे वडील. वहीला डावीकडं नावे, उजवीकडं जमा. पडलेली उडी लाल शाईनं, नावे बाजूला.

काकांना हा नाद लागला 1998 साली. केबलवर नागानोचं ऑलिंपिक लागलं होतं. त्यांनी मनातल्या मनात मिशेल क्वानला सोनं देऊन टाकलं, आणि जिंकली पंधरा वर्षांची तारा लिपिन्स्की. तेव्हा गुण सहापैकी असायचे. एकीला 5.8 आणि दुसरीला 5.9, पण मधला एक दशांश गेला कुठं, याची पावती नाही. जन्मभर व्हाउचर तपासलेल्या माणसाला हे कसं पटावं? पुढं 2002 ला सॉल्ट लेक सिटीत जोड्यांच्या स्पर्धेत परीक्षकांच्या मतावरून मोठा वाद पेटला, शेवटी दोन जोड्यांना सोनं द्यावं लागलं, आणि 2004 मध्ये आंतरराष्ट्रीय स्केटिंग युनियननं गुण देण्याची पद्धतच बदलली. आता प्रत्येक उडीची, प्रत्येक गिरकीची किंमत कागदावर येते.

काका म्हणतात, “खेळाला खतावणी मिळाली.”

[दृश्य : रिंकवर खडू. काका उकिडवे बसून आकडे लिहितायत. मुली भोवती कोंडाळं करून.]

हा भाग आम्ही एकाच शॉटमध्ये ठेवलाय, कापलेला नाही.

सहा उड्या. टो लूप, सालकाव्ह, लूप, फ्लिप, लुट्झ आणि ॲक्सेल. पहिल्या पाचांत पाठमोरं जाऊन उडायचं. ॲक्सेल एकटाच समोर तोंड करून. उतरायचं मात्र सगळ्यांनी पाठमोरंच. म्हणून ॲक्सेलमध्ये अर्धी गिरकी जास्त पडते. तिहेरी ॲक्सेल म्हणजे हवेत साडेतीन गिरक्या. मूळ किंमत 8.00. दुहेरी ॲक्सेलची 3.30.

धाकटी लगेच म्हणते, “मग सगळ्यांनी तिहेरीच मारायचा की ओ!”

काका खडू पुढं सरकवतात. परीक्षक प्रत्येक उडीला उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत शेरा देतात. एक पायरी म्हणजे मूळ किमतीचा दहावा हिस्सा. आपटलीस तर शेरा उणे पाच. आठातले चार गेले. वर पडल्याचा दंड, 1. हातात काय राहिलं? 3.00. आणि शेजारणीनं निवांत दुहेरी मारला, परीक्षकांनी अधिक तीन दिले, तर 3.30 अधिक 0.99. म्हणजे 4.29.

मोठा डाव टाकून पडलेली पोरगी साधा डाव नीट टाकणारीच्या मागं. मुली खडूचे आकडे पुन्हा पुन्हा वाचतात. कुणी बोलत नाही.

बोलतात ते आजोबा. नातीला सोडायला आलेले, एके काळचे पैलवान. कठड्यावर बसून इतका वेळ ऐकत होते.

“पडल्यावरबी तीन गुण देत्यात?”

“होय आबा.”

“खासबागेत पाठ टेकली की संपलं. ही कसली कुस्ती?”

याला काकांकडंही उत्तर नव्हतं. शाहू महाराजांच्या काळातल्या त्या मैदानात चितपट म्हणजे चितपट. इथं पडूनही उठायचं, हसायचं, आणि संगीताच्या पुढच्या ठोक्याला पुढची उडी मारायची. स्पर्धा दोन भागांत, आधी शॉर्ट, मग फ्री, आणि दोन्हींच्या गुणांची बेरीज. फ्री स्केट चार मिनिटांचं, उड्यांच्या सात संधी. शॉर्ट प्रोग्रॅम दोन मिनिटं चाळीस सेकंद, संधी तीनच. म्हणून शॉर्टमधलं पडणं महाग. भरून काढायला जागाच नाही.

[दृश्य : ताई रिंकच्या मधोमध. एका पायावर लांब, संथ वळण. वरून घेतलेलं चित्र.]

हे वळण ताईंनी आमच्यासाठी चार वेळा घेतलं. चारही वेळा सारखं. नीट बघा, कारण जमेचा दुसरा रकाना इथं आहे. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य. प्रत्येकाला दहापैकी गुण. फ्री स्केटमध्ये त्याला 2.67 नं गुणायचं. तिन्ही ठिकाणी अर्धा अर्धा गुण वाढला, की साधारण 4 गुण पदरात. कसलीही उडी न मारता.

जपानची काओरी साकामोतो इथं श्रीमंत आहे. तिच्याकडं तिहेरी ॲक्सेल नाही, चौपट उडी नाही. पण वेग असा, की दुहेरी ॲक्सेल ती कुंपण ओलांडल्यासारखा लांब टाकते. 2022, 2023, 2024, सलग तीन वर्षं जगज्जेती. असं आधी केलं होतं अमेरिकेच्या पेगी फ्लेमिंगनं, 1966 ते 68.

ताईंचा सगळा जीव या रकान्यात. त्यांच्या मुलींना उड्या शिकायला गुळगुळीत जमीन नाही, पण वळण भेगेच्या अलीकडंही शिकवता येतं.

[दृश्य : वहीचं एक पान, जवळून. 156.65 हा आकडा दोनदा, खाली दोन रेघा.]

काकांचं आवडतं पान, प्योंगचांगचं 2018 चं ऑलिंपिक. रशियाच्या अलिना झागितोवा आणि येवगेनिया मेदवेदेवा. फ्री स्केटमध्ये दोघींना 156.65. दशांशापर्यंत सारखे. मग सोनं ठरलं कशावर? शॉर्टवर. एकीचे 82.92, दुसरीचे 81.61. फरक 1.31. झागितोवाला सोनं.

पण खरी गंमत पानाच्या मागं. उत्तरार्धात मारलेल्या उडीला तेव्हा दहा टक्के जादा मिळत. पाय थकलेले असतात म्हणून. झागितोवाच्या प्रशिक्षकांनी फ्री स्केटमधल्या सगळ्याच उड्या उत्तरार्धात नेऊन ठेवल्या. पहिली दोन मिनिटं नुसता नाच, मग उड्यांची सरबत्ती. नियमात बसणारं, बघायला एकांगी. त्याच वर्षी नियम बदलला. आता फ्री स्केटमध्ये शेवटच्या तीनच उड्यांना जादा गुण. भाकीत करायचं तर बाई बघू नका, आधी नियमांचं पत्रक बघा, हे काका या पानावर बोट ठेवून सांगतात.

पुढचं पान बीजिंग 2022. शॉर्टनंतर पहिली असलेली पंधरा वर्षांची कामिला वालियेवा, फ्रीमध्ये पुन्हा पुन्हा पडली आणि चौथी. पुढं उत्तेजक प्रकरणात अपात्र. त्यानंतर मोठ्यांच्या स्पर्धेचं किमान वय 15 वरून टप्प्याटप्प्यानं 17 वर नेलं. हे पान मुलींनी भरकन उलटलं.

[दृश्य : साहित्याची खोली. भिंतीवर वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलेलं.]

कात्रणावर स्वप्नील कुसाळे आहे, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. ऑगस्ट 2024, पॅरिस, नेमबाजीत कांस्य. प्राथमिक फेरीत तो सातवा होता. मनालीवाली म्हणते, म्हणजे शॉर्टमध्ये सातवी आलेली पण पदक घेऊ शकते.

चौदा वर्षांची एक जण मान हलवते. “न्हाई. त्याची फायनल शून्यापासून सुरू झालेली. हितं शॉर्टचं कर्ज फ्रीमध्ये फेडाय लागतं.”

हे तिला कुणी शिकवलेलं नाही. आम्ही ताईंना विचारलं, काकांनाही विचारलं.

तरी कर्ज फिटतं कधी कधी. सॉल्ट लेक सिटीत सारा ह्यूज शॉर्टनंतर चौथी होती, सोनं तिनंच नेलं. पण तेव्हाची पद्धत क्रमांकांची होती, गुणांच्या बेरजेची नव्हे. म्हणून काकांच्या मते हे उदाहरण आता चालत नाही. मुलींच्या मते चालतं. हा वाद अर्धा तास चालला. चित्रीकरण सगळं आहे, तुम्हाला दाखवत नाही.

[दृश्य : मंगळवार, रात्र. पिवळा बल्ब. गुडघ्यावर वह्या. चिठ्ठ्या दुमडणारी बोटं.]

चिठ्ठ्यांची रात्र. नाव आणि रंग दोन्ही बरोबर आले तर दोन गुण. नाव बरोबर, रंग चुकला तर एक.

यादीत रशियाच्या मुली नाहीत. 2022 च्या मार्चपासून त्यांना तेव्हा बंदी होती. उरलेल्यांत अमेरिकेची ॲम्बर ग्लेन. डिसेंबरमध्ये ग्रां प्री या स्पर्धामालिकेची अंतिम फेरी तिनं जिंकली, साकामोतो तिथं तिसरी होती. ग्लेनकडं तिहेरी ॲक्सेल आहे, म्हणजे खडूचे आकडेही आहेत. दुसरी आलेली जपानची मोने चिबा. कोरियाची किम चे-यन, जिनं फेब्रुवारीत हार्बिनला आशियाई हिवाळी स्पर्धेत साकामोतोलाच मागं टाकलं. गेल्या वर्षीची रौप्यविजेती इसाबो लेविटो. आणि ॲलिसा लिऊ. तेराव्या वर्षी अमेरिकेची राष्ट्रीय विजेती, सोळाव्या वर्षी निवृत्त, दोन वर्षांनी परत आलेली.

काकांची चिठ्ठी : साकामोतो, ग्लेन, चिबा. लिऊ का नाही? “फेब्रुवारीत सोलच्या स्पर्धेत चौथी. ताजी नोंद बघायची.”

चौदावालीची चिठ्ठी : साकामोतो, चिबा, लिऊ. तिचा हिशेब वेगळा. जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत लिऊ ग्लेनच्या मागं दुसरी होती, तीही थोडक्यात. “जिच्याकडं आठचा डाव न्हाई, ती एवढ्या जवळ आली, म्हणजे बाकीचं सगळं भरलेलं असणार की.”

धाकटीनं लेविटोला सोनं दिलं. कारण विचारल्यावर म्हणाली, नाव लिहायला छान वाटतं. बाकीच्या सगळ्यांचं सोनं साकामोतोला. आजोबांनी चिठ्ठी लिहायला नकार दिला, पण मिसळीला येतो म्हणाले.

[दृश्य : बुधवारी रात्री, मोबाइलच्या उजेडातले चेहरे. पुढं शनिवार, अंधार. तेच चेहरे, अंगावर चादरी.]

बोस्टनची चित्रं आमच्याकडं नाहीत. ती दाखवायचे हक्क आमच्या खिशाला परवडणारे नव्हते. त्यामुळे तुम्ही मुलींचे चेहरे बघा.

बुधवारी शॉर्ट. ग्लेनचा तिहेरी ॲक्सेल गेला, ती पडली. इथं एकीच्या तोंडून आकडा निघतो, “तीन.” साकामोतो पाचवी. लिऊ पहिली.

फ्री स्केट तिथं शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे इथं शनिवारची पहाट. चौदावालीच्या चेहऱ्यावर कॅमेरा साडेतीन मिनिटं आहे. आम्ही मध्ये बोलत नाही.

[साडेतीन मिनिटं. फक्त मूळ आवाज.]

लिऊ 222.97. साकामोतो 217.98. चिबा 215.24.

[दृश्य : उजाडलेलं. दूध कट्टा. म्हशीची धार थेट पेल्यात. मुली रांगेत.]

हा शॉट विषयात कुठंच बसत नाही, पण पेल्यावरचा फेस काढून टाकायला हात धजेना. दुसऱ्या दिवशी पाडवा. पलीकडं गुढीचे बांबू उतरतायत, साखरेच्या माळा टांगल्यात.

आणि कट्ट्यावर भांडण सुरू आहे. काकांना चिबाच्या कांस्याचे दोन, साकामोतोचा एक. एकूण तीन. चौदावालीला तिन्ही नावं बरोबर, तिन्ही रंग चूक. एकूण तीन. बरोबरी. मिसळ कोण देणार?

काका म्हणतात, एकूण गुण सारखे असले की फ्री स्केट ज्याचं वरचढ तो जिंकला, असा नियम आहे. ती म्हणते, चिठ्ठीत फ्री स्केट कुठलं आलं? आजोबा म्हणतात, दोघांनीबी द्या, कट जास्त घेऊ.

[दृश्य : रिंक. खडूचे आकडे चाकांनी पुसत चाललेत. 8.00 मधला आठ अजून दिसतो.]

सोमवारपासून सराव पुन्हा सहाला. खराटा, मग वळणं. धाकटी आता एकेरी ॲक्सेल शिकतेय. समोर तोंड, दीड गिरकी, पाठमोरं उतरणं. आज अकरा वेळा पडली. काकांनी वहीत अकरा लाल रेघा मारल्यात, आणि शेजारचं पान मिलानच्या 2026 च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी कोरं सोडलंय.