दारातला उजेड

(शहापूरची पेठ, दुपार. साड्यांचं दुकान.)

"वैनी, दारात जाऊन बघा की."

बेळगावच्या शहापुरात साडी घ्यायला गेलात की हे वाक्य कानावर पडतंच. आत ट्यूबा लखलखत असतात, तरी गिऱ्हाईक पदर हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत येतं. आत डाळिंबी वाटलेला रंग उन्हात वेगळाच निघतो.

(वडगाव. यंत्रमागांचा खडखडाट.)

बेळगावातल्याच वडगावच्या विणकराला हा घोर रोजचा. कांडी संपली, नवी लडी काढली, रात्रीच्या दिव्यात रंग जुळला. सकाळी बघावं तर कापडावर आडवा पट्टा.

दोष त्याच्या नजरेचा नाही. सूर्याच्या पांढऱ्या उजेडात तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सगळे रंग सलग असतात. आपल्या एलईडीत निळा प्रकाश देणारी बारीक चिप असते, वर फॉस्फरचा, म्हणजे निळा प्रकाश शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा लेप. निळा नि पिवळा मिळून डोळ्याला पांढरं दिसतं, पण स्वस्त दिव्यात गडद तांबडा फार थोडा असतो. जो रंग दिव्यातच नाही, तो साडीवरून परत कुठून येणार?

(खानापूरचं रान, रात्र. काजवे.)

पांढऱ्या उजेडाची आणखी एक वाट आहे, सेंद्रिय पदार्थांची. आपल्याकडे सेंद्रिय म्हटलं की आधी गूळ आठवतो. इथे अर्थ आहे कार्बनचे रेणू. पावसाच्या तोंडावर खानापूरच्या रानात चमकणारे काजवेही अशाच रेणूंतून उजळतात. त्यांच्या पोटात हे काम रासायनिक क्रिया करते. ओलेडमध्ये, म्हणजे सेंद्रिय एलईडीत, ते वीज करते.

१९८७ मध्ये कोडॅक कंपनीतल्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांचे दोन पातळ थर वीज पोचवणाऱ्या दोन विद्युताग्रांमध्ये बसवले. दहा व्होल्टच्या आतच हिरवा उजेड पडला. एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. मधल्या रेणूवर त्यांची गाठ पडते, रेणू उत्तेजित होतो आणि शांत होताना प्रकाश सोडतो.

रंग रेणूच्या घडणीवर ठरतो. पांढऱ्यासाठी मिश्रण लागतं. जपानच्या यामागाता विद्यापीठातले जुंजी किडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये वेगवेगळ्या रंगांचे थर एकावर एक रचून पांढरा उजेड मिळवला. असे सगळे थर मिळून केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतात! या रेणूंचे रंग रुंद पसरतात, एकमेकांत मिसळतात. म्हणून सूर्यप्रकाशाला १०० गुण धरले, तर रंग खरे दाखवण्यात चांगले ओलेड दिवे ९० च्या वर जातात.

(निळा पडदा, हळूहळू मंद होत जाणारा.)

अडतं ते निळ्यापाशी. उत्तेजित रेणूंपैकी साधारण चौथा हिस्साच साध्या वाटेने प्रकाश देतो, उरलेली ऊर्जा उष्णतेत जाते. १९९८ मध्ये अमेरिकेत स्टीफन फॉरेस्ट आणि मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी रेणूत प्लॅटिनमसारखा जड धातू गुंफून ती वाया जाणारी ऊर्जाही उजेडात आणली. तांबड्या-हिरव्याला याचा मोठा फायदा झाला. निळ्याला ऊर्जा जास्त लागते, आणि तीच ऊर्जा त्या रेणूचे बंध तोडते. निळा दमला की पांढरा पिवळसर होतो.

दुसरा वैरी ओल. कणकुंबीच्या पावसात आपण घरांना झडीचा आडोसा बांधतो, तसं या थरांना काचेत घट्ट बंद करावं लागतं. वाफ किंवा हवा शिरली की काळे ठिपके पडून वाढत जातात.

(टीव्हीच्या दुकानातली भिंत.)

आज हा पांढरा उजेड सर्वांत जास्त दिसतो तो टीव्हीवर. २०१३ पासून बाजारात आलेल्या अनेक मोठ्या ओलेड टीव्हींत मागे पांढराच थर असतो, पुढच्या गाळण्या रंग वेगळे करतात. जिथे काळं हवं, तिथे तो ठिपका विझतोच.

दिव्यांच्या बाजारात मात्र एलईडीच्या स्वस्ताईपुढे ओलेडचा टिकाव लागत नाही. हे मला मनापासून खटकतं. हा दिवा म्हणजे सपाट पत्रा: अख्खा उजळतो, डोळ्यांवर तिरीप येत नाही, अतिनील किरण जवळजवळ नसतात. जुन्या पैठणीवर, हस्तलिखितावर धरावा असा उजेड. आणि मागावर तर हवाच.

(वडगाव, रात्र.)

त्या मागावर अजून साधी ट्यूब आहे. विणकर दोन लड्या शेजारी धरतो, बघतो, आणि खुंटीला अडकवून ठेवतो. सकाळी दारात बघायला.