तळ्यातल्या माशाला परवडणारं जेवण

सकाळचे साडेनऊ वाजलेत, पाण्यावर ऊन आलंय, आता खाद्य टाकायचं. पहाटे नाही टाकायचं, कारण रात्रभरात पाण्यातला ऑक्सिजन उतरलेला असतो, मासा तोंड लावत नाही अन् टाकलेलं सगळं तळाशी जाऊन कुजतं.

हे आमचं शेततळं. रोहू, कटला, मृगळ सोडलेत. मातीच्या तळ्यात शेण टाकलं की पाणी हिरवं होतं, त्यात बारीक जीव तयार होतात, म्हणजे माशाचं बरंचसं जेवण फुकटात. पण इथे खाली प्लॅस्टिकचा कागद आहे, माती नाही, त्यामुळे बहुतेक सगळं आपल्यालाच घालावं लागतं. आणि मत्स्यशेतीत निम्म्याहून जास्त खर्च एकट्या खाद्यावरच जातो.

जुनी पद्धत म्हणजे शेंगदाणा पेंड अन् भाताचा कोंडा, निम्मं-निम्मं. स्वस्त आहे, चालतंपण, फक्त पेंड हातात घेऊन वास घ्या, कुबट आला तर टाकू नका, ओल लागून बुरशी धरलेल्या पेंडीत अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष असू शकतं, त्याने माशाचं यकृत खराब होतं.

कोंडा नुसता फेकला तर वाऱ्याने काठाला जातो. आंध्रात कोल्लेरूच्या भागात काय करतात, गोणीला खालून भोकं पाडतात, कोंडा अन् पेंड भरतात आणि बांबूला बांधून पाण्यात सोडतात, मासे गोणीला तोंड लावून लागेल तेवढंच ओढून खातात. मला ही युक्ती फार आवडते, मशीन नाही, लाइट नाही, वाया जाणं कमी.

आता महागाचं कारण बघा. चांगल्या खाद्यात प्रोटीनसाठी फिशमील घालतात, म्हणजे समुद्रातले तारलीसारखे छोटे मासे वाळवून केलेली भुकटी. मासा वाढवायला मासाच मारायचा, हे किती दिवस चालणार? म्हणून सोयाबीन, आपल्या मराठवाडा-विदर्भातलं. पण कच्चं सोयाबीन माशाला पचत नाही, त्यातला एक घटक प्रोटीन पचूच देत नाही, तो उष्णतेने जातो, म्हणून आधी भाजायचं. शिवाय सोयात मेथिओनिन, म्हणजे माशाला लागणारा प्रोटीनमधला एक घटक, कमी अन् फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला, तो सोडवायला फायटेज एन्झाइम लागतं. भुवनेश्वरची सीफा, मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई, या मत्स्य संशोधन संस्थांत अशाच खाद्यांवर काम चालतं.

आणि हिशोब गोणीच्या भावावर करू नका, कळकळीने सांगतोय. समजा एक खाद्य ३० रुपये किलो, पण किलोभर मासा वाढायला ३ किलो लागलं, म्हणजे ९० रुपये. दुसरं ४५ रुपयांचं, पण दीड किलोत भागलं, म्हणजे साडेसदुसष्ट. मग स्वस्त कुठलं?

सकाळी थोडं खाद्य ट्रेमध्ये घालून पाण्यात सोडलं होतं, दोन तास झाले, तो ट्रे वर ओढूया. रिकामा असेल तर उद्या मूठभर वाढवायचं, उरलं असेल तर कमी करायचं. आज एका कोपऱ्यात चिमूटभर कोंडा राहिलाय, बाकी साफ.