४४ नंबरची गल्ली

हा आकडा बघा, ४४. एकेकाळी इंटरनेटवरचा जो पत्ता ४४ ने सुरू व्हायचा तो हॅम रेडिओवाल्यांचा, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांचा, सगळेच्या सगळे, एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर पत्ते. १९८१ मध्ये हँक मॅग्नुस्की या अमेरिकन हॅमने मागितले आणि तेव्हा नंबर वाटायचं काम जॉन पोस्टेल बघायचे, त्यांनी फुकट देऊन टाकले.

पण नुसता पत्ता असून काय उपयोग, पोस्टमनला घर सापडायला पाहिजे ना. आणि हे हॅम तर जगभर विखुरलेले. म्हणून सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एक गेटवे, म्हणजे ये-जा करायचं दार असलेला कॉम्प्युटर, बसवला, ४४ च्या पत्त्यांवर बाहेरून येणारी माहिती तिथे यायची, आणि ब्रायन कँटर यांनी हा सगळा कारभार वर्षानुवर्षं सांभाळला.

तिथून पुढे माहितीचा प्रवास पाकिटात पाकीट घालून, यालाच बोगदा म्हणतात. आतल्यावर ४४ चा पत्ता, बाहेरच्यावर त्या हॅमच्या घरच्या इंटरनेटचा साधा पत्ता, घरचा राऊटर बाहेरचं पाकीट फोडतो आणि आतलं रेडिओकडे सोडतो. ४४ च्या पत्त्यांचा कुठला तुकडा कुणाच्या घरी, ही यादी गेटवे दर पाच मिनिटांनी सगळ्यांना पाठवतो. यादीतली एक ओळ बघा, डावीकडे ४४ चा तुकडा, उजवीकडे घरचा पत्ता, बस. पण घरचा पत्ता बदलला आणि यादीत जुनाच राहिला की पाकिटं भलत्याच्याच दारात. ज्यांना हे नको ते आता परवानगी घेऊन आपला तुकडा बीजीपीने, म्हणजे कुठले पत्ते कुठे आहेत हे इंटरनेटवरची नेटवर्कं एकमेकांना ज्या पद्धतीने सांगतात तिने, थेट इंटरनेटवर जाहीर करतात.

मग २०१९. हे पत्ते सांभाळणाऱ्या एआरडीसी या संस्थेने त्यातला चौथा हिस्सा, जवळजवळ ४२ लाख पत्ते, ॲमेझॉनला विकले, दहा कोटी डॉलरच्या वर किमतीला. बऱ्याच हॅमना विकून झाल्यावर कळलं आणि ते चिडले. मला विचाराल तर पैसा चांगल्या कामाला लागला, त्यातून रेडिओच्या प्रकल्पांना अनुदानं मिळतायत, पण आधी विचारायला हवं होतं, कारण पत्ते सगळ्यांसाठी म्हणून मिळाले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कँटर गेले.

आता ज्याच्या राऊटरमध्ये अजून "सगळं ४४ आपलंच" अशी जुनी ओळ आहे, त्याच्याकडे ॲमेझॉनच्या त्या पत्त्यांवरच्या साइट उघडतच नाहीत, पाकिटं रेडिओच्या बोगद्यात शिरतात आणि तिथेच संपतात. ती ओळ खोडायची आणि हॅमकडे उरलेल्या पत्त्यांच्या दोन नव्या टाकायच्या, ४४.०.०.०/९ आणि ४४.१२८.०.०/१०.