उघड्या डोंगरावर खड्डे खणायच्या आधी

नमस्कार मंडळी. सकाळचे साडेसात झालेत आणि मी उभी आहे चांदवडच्या डोंगराखाली. नाशिकहून आग्रा रोडने निघालं, पिंपळगाव आणि वडाळीभोई मागे पडलं की हा सातमाळा रांगेचा उघडा कातळ समोर येतो. आपल्याच जिल्ह्यात इगतपुरीला वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि इकडे येवला-नांदगावच्या बाजूला 500-600 च्या आसपास. ढग सगळं पाणी तिकडे सह्याद्रीवर रिकामं करून इथे येतात.

मला रोज कुणी ना कुणी विचारतं, "ताई, रविवार मोकळा आहे, डोंगरासाठी काहीतरी करायचंय, झाडं कुठे लावू?" माझं उत्तर ऐकून बरेच जण नाराज होतात. अशा कोरड्या डोंगरावर पहिलं काम झाडं लावण्याचं नसतं.

(खाली बसून गवताचा ठोंब हाताने बाजूला करते)

हे बघा. ही कुसळी. तिच्या मुळाशी बोट घालते... दुसऱ्या पेराला मुरूम लागला. एवढीच माती आहे इथे, आणि ती या ठोंबाने धरून ठेवलीय. आता इथे दीड फुटाचा खड्डा घेतला तर काय होईल? मी स्वतः घेतलेत असे खड्डे. काही वर्षांपूर्वी जुलैत आमच्या ग्रुपने एका डोंगराची अख्खी सोंड दिवसभरात खणून काढली, रोपं लावली, फोटो काढले. पुढच्या मे महिन्यात मी एकटीच वर गेले. रोपांच्या जागी काटक्या उभ्या होत्या. खड्ड्यातून काढलेला मुरूम पावसाने ओहोळात नेला होता, आणि गवत होतं तिथे खडक उघडा पडला होता. त्या दिवशी फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी या विषयाच्या मागे लागले.

उघडा डोंगर म्हणजे ओसाड डोंगर, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. या गवतात चंडोल जमिनीवर घरटं करतो. याच कोरड्या पट्ट्यात, येवल्याकडे ममदापूरच्या माळावर काळविटं आहेत. त्यांना दाट झाडी नको, मोकळं गवतच हवं.

आता जरा लांब जाऊ, जोधपूरला. मेहरानगड किल्ल्याला लागून 70 हेक्टर खडकाळ जमीन आहे. तिच्यावर वेड्या बाभळीने ताबा मिळवला होता. वरून तोडली की ही बाभूळ बुडातून पुन्हा फुटते. 2006 मध्ये तिथे राव जोधा उद्यानाचं काम सुरू झालं, तेव्हा खाणीत दगड फोडणाऱ्या खंडवालियांना बोलावलं. खडकावर घण मारायचा आणि आवाजावरून तो कुठे फुटेल हे ओळखायचं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या. त्यांनी छिन्नी-हातोड्याने खडक फोडून बाभळीची बुडं काढली, आणि त्याच खड्ड्यांत वाळवंटातली स्थानिक झाडं-झुडपं लावली. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ज्याला तिथला दगड कळतो त्याला आधी विचारलं.

अमेरिकेतल्या ॲरिझोनातही वाळवंटी डोंगर आहेत, सग्वारो नावाच्या उंच निवडुंगांचे. तिथे टुसॉन शहराच्या आसपास स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी पहारी घेऊन डोंगर चढतात आणि गवत उपटतात. हो, गवतच! ते बाहेरून आलंय, गुरांच्या चाऱ्यासाठी आणलेलं. ते दाट वाढतं, वाळतं, पेट घेतं, आणि सग्वारोला आग सोसत नाही. ज्या झाडाला पहिली फांदी फुटायला 50-70 वर्षं लागतात ते एका वणव्यात जातं. आणि हे गवत कुठलं? सेंक्रस सिलियॅरिस, म्हणजे आपल्याकडचं चाऱ्याचं अंजन गवत. इथे गुरांच्या तोंडचा घास, तिथे डोंगराचा वैरी. म्हणून कुठलंही रोप हातात घेण्याआधी ते इथलं आहे का, हे विचारायचं.

मग रविवारी करायचं काय? माझं आवडतं काम म्हणजे अनगड दगडी बांध.

(घळीत उतरते)

ही छोटी घळ. पावसात इथून माती वाहून जाते. आपण हिच्यात आडवे दगड रचतो. सिमेंट नाही, काही नाही. मोठे दगड खाली, थोडे जमिनीत बसवून. फटींत लहान दगड. आणि बांध मधे खोलगट ठेवायचा, म्हणजे पाणी मधूनच सांडतं. मधे उंच केलात तर पाणी कडेने वाट काढतं आणि घळ आणखी रुंद होते. सुरुवात नेहमी वरून करायची, माथा ते पायथा. हा बांध आम्ही गेल्या पावसाळ्याआधी रचला. याच्या वरच्या अंगाला बघा, वीतभर गाळ साचलाय आणि त्यात बोरीचं रोप उगवलंय. कुणी लावलेलं नाही.

दगड सुटेच घ्यायचे, जमिनीत रुतलेले उपटायचे नाहीत. आणि आधी काठीने हलवून बघायचा, बोटं खाली घालायची नाहीत. खाली विंचू असतो, फुरसं असतं. त्यांचं घर आहे ते.

दुसरं काम वणव्याचं. फेब्रुवारी ते मे हा काळ जीव मुठीत धरण्याचा. काही ठिकाणी अजून समज आहे की गवत जाळलं की पुढच्या वर्षी जोमाने येतं. राखीव वनात आग लावणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे, पण कायदा सांगून कुणी थांबत नाही. गुराख्याशेजारी बसून बोलावं लागतं, त्याचा चारा कुठून येतो ते समजून घ्यावं लागतं. आणि उन्हाळ्याआधी वनविभागाबरोबर जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे ठेवलेले पट्टे, काढायला माणसं लागतात, तिथे जा. पेटलेल्या उतारावर एकट्याने मात्र कधीही धावू नका. आग चढावर माणसापेक्षा वेगाने पळते.

जमीन वनविभागाची असेल तर दगडही परवानगीशिवाय हलवायचा नाही. आधी वनरक्षकाला भेटा, गावच्या वन समितीला भेटा. येताना जाड हातमोजे, बूट, टोपी आणि माणशी तीन लिटर पाणी आणा.

उन्हं चढायला लागलीत. या घळीत अजून दोन बांध बाकी आहेत, आणि वरच्याचे दगड आमच्या पोरांनी गोळा करून ठेवलेत. कॅमेरा ठेवते आणि हात लावते. पाऊस पडून गेला की याच घळीत उभी राहून दाखवते, किती माती अडली ते.