सेक्रेटरी म्हणजे सचिव नव्हे! फिडेल रामोस : वर्दीतून संरक्षण खात्यापर्यंत

नमस्कार मंडळी!

ब्राह्मोसच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की शेवटी आज कॅमेरा लावून बसले. प्रश्न असा, "ताई, त्या कराराच्या वेळी फिलिपिन्सकडून जे गृहस्थ होते ते माजी जनरल होते म्हणे. त्यांच्याकडे संरक्षण खातं जनरललाच देतात का?"

पहिला भाग पटकन सांगते. २८ जानेवारी २०२२ ला फिलिपिन्सने आपल्याकडून ब्राह्मोस क्षेपणास्त्रं घेण्याचा सुमारे ३७.५ कोटी डॉलरचा तो करार झाला. फिलिपिन्सकडून होते तेव्हा संरक्षण खातं सांभाळणारे डेल्फिन लोरेन्झाना, तिथल्या आर्मीचे निवृत्त मेजर जनरल. आपल्याकडून ब्राह्मोस एरोस्पेसचे तेव्हाचे प्रमुख अतुल राणे. राणे आडनाव वाचून कमेंटमध्ये किती जणांनी कॉलर ताठ केली ते मी पाहिलंय, आणि मलाही बरं वाटलं. क्षेपणास्त्रांची पहिली खेप एप्रिल २०२४ मध्ये तिकडे पोहोचली. झालं.

दुसऱ्या भागासाठी मात्र मागे जावं लागतं. जनरल वर्दी उतरवतो आणि थेट संरक्षण खात्याच्या खुर्चीत बसतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे पुढे फिलिपिन्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले फिडेल रामोस. आज त्यांच्याबद्दलच बोलायचंय.

पण त्याआधी एक गोष्ट, आणि ती मी या व्हिडिओत पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळू नका. मराठी बातम्यांमध्ये लोरेन्झानांना "फिलिपिन्सचे संरक्षण सचिव" म्हणतात. रामोस यांच्याबद्दलही तेच. हे चूक आहे. फिलिपिन्सचा "सेक्रेटरी ऑफ नॅशनल डिफेन्स" म्हणजे संरक्षणमंत्री. आपल्याकडे जी खुर्ची यशवंतरावांची होती, पर्रीकरांची होती, ती ही खुर्ची. फाइलवर टिपण लिहून मंत्र्याकडे पाठवणाऱ्या सनदी अधिकाऱ्याची नव्हे.

मला हे एवढं का लागतं? मी एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते तेव्हाची गोष्ट. रात्री एजन्सीची कॉपी आली, "डिफेन्स सेक्रेटरी". मी डोळे झाकून "संरक्षण सचिव" केलं, पान गेलं. दुसऱ्या दिवशी एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. निवृत्त शिक्षक असावेत, अक्षर मोत्यासारखं. एवढंच लिहिलं होतं : "सचिव राजीनामा देत नाही, त्याची बदली होते. मग हे गृहस्थ राजीनामा कसा देतात?" ते कार्ड माझ्याकडे अजून आहे.

असो. रामोस.

जन्म १८ मार्च १९२८, लिंगायेन, पांगासिनान प्रांत. (नकाशा बघा, लुझॉन बेट, मनिलाच्या उत्तरेला, समुद्रकाठी.) वडील नार्सिसो रामोस पुढे परराष्ट्रमंत्री झाले. १९६७ ला बँकॉकमध्ये 'आसियान'ची, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेची, स्थापना झाली त्या कागदावर फिलिपिन्सतर्फे त्यांचीच सही आहे. बहीण लेटिशिया संयुक्त राष्ट्रांत मोठ्या पदावर गेल्या, सिनेटर झाल्या, आणि त्यांचं लग्न झालं होतं एका भारतीय लेखक-प्राध्यापकाशी, रणजी शहानी. म्हणून त्यांचं नाव लेटिशिया रामोस शहानी. हे मला जेव्हा कळलं तेव्हा मी अर्धा तास त्याच कुटुंबाबद्दल वाचत बसले होते.

फिडेल १९५० मध्ये अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून पास झाले, मग इलिनॉय विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंगची मास्टर्स. लगेच कोरियाचं युद्ध. मे १९५२ मध्ये 'हिल ईरी' नावाच्या टेकडीवर चिनी सैनिकांचे बंकर होते, तिथे रामोस यांनी आपली प्लाटून घेऊन हल्ला केला. १९६२ मध्ये फिलिपिन्स आर्मीचं पहिलं स्पेशल फोर्सेस युनिट उभं केलं. मग व्हिएतनाम, पण तिथे फिलिपिन्सची तुकडी मुख्यतः रस्ते बांधायला आणि दवाखाने चालवायला गेली होती. इथपर्यंतची कारकीर्द कुठल्याही हुशार अधिकाऱ्याची असते तशीच.

खरा अवघड भाग १९७२ पासून सुरू होतो, आणि इथे मला सावकाश जायचंय.

त्या वर्षी रामोस फिलिपिन्स कॉन्स्टॅब्युलरीचे प्रमुख झाले. कॉन्स्टॅब्युलरी म्हणजे लष्कराचाच भाग, पण काम पोलिसाचं. त्याच सप्टेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांनी देशात मार्शल लॉ लावला. मार्कोस हे रामोस यांचे नात्यातले, दूरचे भाऊच. विरोधी नेते, पत्रकार, विद्यार्थी यांना उचलून नेणारी यंत्रणा कोणती? कॉन्स्टॅब्युलरी. प्रमुख कोण? रामोस. मार्शल लॉच्या काळात सुमारे ७० हजार लोक तुरुंगात गेले असा ॲम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेचा आकडा सांगितला जातो.

मागच्या वेळी मी रामोस यांचं नाव नुसतं घेतलं तर कमेंटमध्ये दोन गट पडले. एक म्हणाला, "लोकशाहीचा हिरो." दुसरा, "हुकूमशहाचा हस्तक." दोन्ही गटांना माझं म्हणणं आहे की मार्कोस यांच्या यंत्रणेतली चौदा वर्षं आणि १९८६ मध्ये त्यांच्याविरुद्ध उभं राहिल्याचे चार दिवस, दोन्ही एकाच माणसाचे आहेत. त्यातलं एक वजा करून तुम्ही त्याची कारकीर्द सांगू शकत नाही. मला स्वतःला ती चौदा वर्षं विसरता येत नाहीत, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी का विसरावीत?

आता ते चार दिवस. १९८१ मध्ये सरसेनापतिपद रिकामं झालं तेव्हा मार्कोस यांनी वेस्ट पॉइंटवाल्या रामोसना डावलून आपल्या मर्जीतल्या, अंगरक्षक दलातून वर आलेल्या फाबियान वेर यांना बसवलं. रामोस उपप्रमुख. १९८३ मध्ये विरोधी नेते निनॉय अक्विनो यांची मनिला विमानतळावर हत्या झाली, त्यात वेर यांचं नाव आलं, ते रजेवर गेले आणि रामोस हंगामी प्रमुख झाले. मग वेर निर्दोष सुटले आणि परत आले. लष्करातले तरुण अधिकारी हे सगळं बघत होते.

फेब्रुवारी १९८६. निवडणुकीत गडबड झालेली. २२ तारखेला संध्याकाळी संरक्षणमंत्री हुआन पोन्से एनरिले आणि रामोस यांनी पत्रकारांना बोलावून जाहीर केलं की आम्ही मार्कोसना मानत नाही. हातात माणसं किती? काहीशे. मनिलात एड्सा नावाचा मोठा हमरस्ता आहे. त्याच्या एका बाजूला कॅम्प आगिनाल्दो, दुसऱ्या बाजूला कॅम्प क्रामे. मनिलाचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल सिन यांनी रेडिओवरून लोकांना हाक दिली आणि त्या दोन छावण्यांच्या मधला रस्ता माणसांनी भरून गेला. जपमाळा घेतलेल्या नन्स रणगाड्यांसमोर गुडघे टेकून बसल्या. रणगाडे थांबले. २५ ला मार्कोस देश सोडून गेले. त्या दिवसांत रामोस यांनी आनंदाने हात उंचावून मारलेली उडी तिकडे घराघरात माहीत आहे. पुढे या एड्सा उठावाच्या वर्धापनदिनाला म्हातारे रामोस ती उडी पुन्हा मारून दाखवायचे.

निनॉय यांच्या पत्नी कोराझोन अक्विनो राष्ट्राध्यक्ष झाल्या, रामोस सरसेनापती. आणि मग बंडांची रांगच लागली. जुलै १९८६ मध्ये मार्कोस समर्थक सैनिकांनी मनिला हॉटेलचा ताबा घेतला. बंड फसलं. शिक्षा काय? रामोस यांनी त्यांना तीस पुशअप्स काढायला लावल्या. मनिलात यावर खूप टीका झाली, आणि मलाही वाटतं की तिथे चूक झाली. कारण पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९८७ मध्ये, जे बंड झालं त्यात पन्नासहून जास्त माणसं मेली. राष्ट्राध्यक्षांच्या मुलाला गोळ्या लागल्या, त्याचे अंगरक्षक ठार झाले. तो मुलगा म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले नॉयनॉय अक्विनो.

आता पुन्हा माझ्या मुद्द्यावर. जानेवारी १९८८. संरक्षण खात्यातून राफाएल इलेटो यांनी राजीनामा दिला, तेही जुने जनरल. त्यांच्या जागी रामोस आले. सैन्याचे सरसेनापती झाले जनरल रेनातो दे व्हिया. रामोस यांचं पद "सेक्रेटरी". बघा, १९७८ ते १९८७ या काळात याच पदाला तिथे अधिकृतपणे "मिनिस्टर" म्हणत होते, कारण मार्कोस यांनी संसदीय पद्धतीसारखी रचना केली होती. १९८७ च्या नव्या राज्यघटनेने अमेरिकन धाटणीची अध्यक्षीय पद्धत परत आणली आणि "मिनिस्टर"चं "सेक्रेटरी" झालं. इलेटो मंत्री म्हणून त्या खुर्चीत बसले आणि सेक्रेटरी म्हणून उठले. तीच खुर्ची, तेच खातं, तेच अधिकार, पाटी तेवढी बदलली. मग आपण मराठीत इलेटो यांना मंत्र्याचं सचिव करून खाली का उतरवायचं?

एका दादांनी विचारलंय, "मंत्री असेल तर मग खासदार हवा ना?" आपल्याकडे हवा, तिथे नको. अध्यक्ष नेमतो, आणि तिथल्या संसदेच्या (तिला काँग्रेस म्हणतात) दोन्ही सभागृहांतल्या सदस्यांची मिळून एक समिती असते, ती मान्यता देते. निवडणूक लढवायची गरज नाही. म्हणूनच निवृत्त जनरल सरळ त्या खुर्चीत येऊ शकतो. पण एक अट घटनेतच आहे, सेवेत असलेल्या सैनिकाला नागरी पद देता येत नाही. वर्दी उतरवायचीच. आपल्याकडे आजवर एकही निवृत्त लष्करप्रमुख संरक्षणमंत्री झालेला नाही, त्यामुळे हे चित्र आपल्याला ओळखीचं वाटत नाही आणि हात आपोआप "सचिव" लिहितो.

तिसऱ्या बाजूने सांगते. १ डिसेंबर १९८९. त्या सरकारवरचं सगळ्यात मोठं बंड. बंडखोरांनी हवाई तळ घेतले, जुन्या प्रोपेलरच्या विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या मालाकान्यांग प्रासादावर बॉम्ब टाकले, मग मकाती या व्यापारी भागातल्या उंच इमारतींत शिरले आणि तिथे परदेशी पाहुणे अडकून पडले. अमेरिकेची फँटम विमानं क्लार्क तळावरून उडून वर घिरट्या घालू लागली, तेव्हा बंडखोरांच्या विमानांचा धोका संपला. आठवड्याहून जास्त चाललं हे. त्या काळात फौजांचा हुकूम सरसेनापती दे व्हिया यांच्याकडे, आणि त्यांच्यावर सरकारच्या वतीने, साध्या कपड्यांत, रामोस. सरसेनापतीच्या वर कोण बसतो, सचिव की मंत्री? आता सांगा.

या खुर्चीचं आणखी एक काम आहे, ते आपल्याला ठाऊकच नसतं. तिकडे राष्ट्रीय आपत्ती समितीचा अध्यक्ष संरक्षणमंत्री असायचा. जुलै १९९० मध्ये लुझॉनमध्ये प्रचंड भूकंप झाला, बागियो शहरातली हॉटेलं कोसळली, दीड हजारांहून जास्त लोक गेले. पुढच्या जूनमध्ये पिनातुबो ज्वालामुखी फुटला, आणि त्याच दिवशी वादळही आलं. राख पावसात भिजून जड झाली आणि छपरं खाली आली. शास्त्रज्ञांनी आधी सांगितलं होतं, म्हणून हजारो लोकांना वेळेत हलवता आलं. ही सगळी जबाबदारी याच खात्याच्या माथी. जुलै १९९१ मध्ये रामोस यांनी पद सोडलं. गंमत म्हणजे त्याच जूनच्या अखेरीला शरद पवार दिल्लीत संरक्षणमंत्री झाले होते, म्हणजे काही आठवडे दोघं एकाच पदावर होते. रामोस यांच्या जागी आले दे व्हिया. इलेटो, रामोस, दे व्हिया, ओळीने तीन जनरल. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे. ज्या सरकारला पहिल्या चार वर्षांत अर्धा डझनाहून जास्त बंडांचे प्रयत्न झेलावे लागले, त्याला बराकीतली माणसं ओळखणारा मंत्री हवा होता.

पुढचं पटपट. १९९२ ला पक्षाने उमेदवारी दिली नाही, रामोस यांनी स्वतःचा पक्ष काढला आणि सुमारे २३.६ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष झाले. १९९६ मध्ये दक्षिणेतल्या मोरो बंडखोरांशी शांतता करार केला. १९९५ मध्ये चीनने दक्षिण चीन समुद्रातल्या मिसचीफ रीफ या प्रवाळखडकावर बस्तान बसवलं, त्याच वर्षी सैन्याच्या आधुनिकीकरणाचा कायदा झाला. ब्राह्मोसची खरेदी ज्या वाटेने झाली तिची सुरुवात तिथे. ३१ जुलै २०२२ ला ते गेले, ९४ वर्षांचे होते.

आमचा मामेभाऊ जहाजावर इंजिनिअर आहे. कोकणातल्या, गोव्यातल्या, मुंबईतल्या कुठल्याही खलाशाला विचारा, जहाजावर फिलिपिनो भेटतोच. त्याच्या जहाजावर एक ऑइलर, म्हणजे इंजिन रूममधला खलाशी, होता, पांगासिनानचाच. भावाने विचारलं, रामोस कसे होते? तो म्हणाला, आमच्या लहानपणी दिवसाचे आठ-आठ, दहा-दहा तास वीज नसायची, आई पुठ्ठ्याने वारा घालायची. रामोस आले आणि पंखा चालू झाला. १९९२-९३ चं ते भारनियमन खरंच भयंकर होतं, आणि ते रामोस यांच्या काळात संपलं. पण त्याच ऑइलरचा एक काका १९७४ मध्ये कॉन्स्टॅब्युलरीच्या कोठडीत होता. काकाने, तो म्हणाला, रामोस यांना कधी मत दिलं नाही. त्याच घरात, त्याच पंख्याखाली.

अजून एक. ब्राह्मोसच्या व्हिडिओत लोरेन्झाना बोलताना खाली जी पट्टी होती ती आमच्या एडिटरने केली होती, पण तपासली मीच होती. त्यावर "संरक्षण सचिव" आहे. व्हिडिओतली पट्टी आता बदलता येत नाही, म्हणून वर्णनात आणि पहिल्या पिन केलेल्या कमेंटमध्ये दुरुस्ती टाकली आहे : डेल्फिन लोरेन्झाना, संरक्षणमंत्री.